मांजर अचानक वेगळं वागायला लागलं? या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वीची खांदशेकणीची, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. घरातले सगळे बैलांच्या मागे, मी चुलीपाशी. आमचा बोका परसातल्या राखेच्या ढिगावर गेला, उकरलं, शेपटी ताणून बसला, उठला. थोड्या वेळानं पुन्हा तेच. पोळ्या लाटता लाटता मी मोजत गेले, तासाभरात सात वेळा. शेजारचे काकाजी म्हणाले, "पोट बांधलं हाये त्याचं. एरंडेल दे बाई, सकाळपर्यंत मोकळा होते." मी दिलं. रात्रभर तो बाजेखाली कण्हत होता. पहाटे टॉर्च घेऊन राख चाळली, तर सगळी भुरभुरीत कोरडी. मांजर मुतलं की राखेचा ओला गोळा होतो, तसा एकही गोळा नव्हता. त्याची शी अडलेली नव्हती, लघवी तुंबली होती.

मांजर पाळणाऱ्या प्रत्येकानं ही चूक आधी लक्षात ठेवावी. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. बारीक खडे किंवा चिकट गाळ अडकला की तो पार बंद होतो. मग रक्तात पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात, आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. वरून दिसतं एवढंच, की बोका सारखा बसतो, ओरडतो, खालची जागा चाटत राहतो. अशा वेळी पोट दाबून पाहू नका, भरलेलं मूत्राशय फुटू शकतं. एरंडेल, इसबगोल काही देऊ नका. थेट दवाखाना गाठा, रात्र असली तरी. आमच्या बोक्याला तालुक्याच्या डॉक्टरांनी भूल देऊन नळी घातली आणि तो वाचला. पण एरंडेलाच्या भरवशावर घालवलेली ती रात्र मला अजून टोचते.

अंथरुणावर किंवा कुटारात मुतणाऱ्या मांजराला बडवणं, त्याचं नाक त्यात घासणं हीसुद्धा अशीच चूक. लघवीला आग होत असली की मांजर नेहमीच्या जागेलाच घाबरतं आणि मऊ जागा शोधतं. बोका उभ्या उभ्या, शेपूट थरथरवत भिंतीवर फवारा मारत असेल तर गोष्ट वेगळी. तो हद्द आखतो आणि नसबंदी केली की ते बहुतेक थांबतं.

"रुसलं असंल" म्हणून सोडून देणं

मांजर दुखणं लपवतं. कोठीच्या मागं जाऊन बसलं, हात लावला की गुरगुरलं, की आपण म्हणतो नवीन सून आली म्हणून रुसलं. आधी अंगावरून हळूच हात फिरवा. बोक्यांच्या भांडणात दात खोल रुततो, वरची कातडी लगेच मिळून येते आणि आत पू होतो. शेपटीच्या बुडाशी, मानेवर किंवा पायावर गरम, दुखरी गाठ हाताला लागते. खाणं सुटून दोन दिवस झाले तर तिसऱ्याची वाट पाहू नका. उपाशी मांजराच्या, त्यातही गुबगुबीत मांजराच्या, यकृतात चरबी साठते आणि मग ते आणखीच खात नाही.

घरातली औषधं

आमच्याकडं सर्वांत जास्त मांजरं याच चुकीनं जातात, असं मला वाटतं. अंग तापलं म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडा दुधातून देणारे मी पाहिलेत. माणसाचं यकृत ही गोळी निकामी करून बाहेर टाकतं, मांजराच्या यकृतात ती सोय जवळजवळ नसते. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी त्याला मारायला पुरे. हिरड्या चॉकलेटी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. चुकून दिली गेली असेल तर लक्षणं दिसायची वाट न पाहता निघा.

दुसरं गोचिडांचं औषध. कोठ्यातल्या ढोरांवर मारायचं किंवा कुत्र्याच्या पाठीवर टाकायचं औषध मांजराला लावू नका. त्यातलं पर्मेथ्रिन, सायपरमेथ्रिन मांजराला पचत नाही. आधी कान फडफडतात, मग अंग थरथरतं, मग झटके येतात. लागलंच असेल तर कोमट पाण्यानं आणि साध्या साबणानं धुवा, पुसा आणि डॉक्टरकडं न्या.

फवारणीच्या दिवसांत मांजर पऱ्हाटीतून, म्हणजे कपाशीतून फिरून येतं आणि ओट्यावर बसून पाय चाटतं. हे विष माणसाचं काय करतं ते आपल्या यवतमाळ जिल्ह्यानं २०१७ मध्ये पाहिलं, फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर गेले तेव्हा. तोंडाला लाळ, बाहुल्या टाचणीएवढ्या, पाय लटपटणारे दिसले तर डबा किंवा त्याचं लेबल सोबत घेऊन जा. काही उंदीरमार औषधांचा असर तीन-चार दिवसांनी दिसतो, आतून रक्तस्राव होतो. "परवा खाल्लं, मरायचं असतं तर मेलं असतं," असं म्हणून थांबू नका.

लाळ गळते, चालताना झोक जातो आणि मायाळू मांजर कारण नसताना अंगावर येतं, तर रेबीजचीही शंका घ्या. धरायला जाऊ नका. चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लसीसाठी आरोग्य केंद्रात जा. त्यावर तिखट, हळद, चुना काही भरू नका.

ज्याला आपण उगाच घाबरतो

पाच-सहा महिन्यांची मनी रात्रभर लेकरासारखी रडते, लोळते, मागचा भाग उचलते. ती माजावर आलेली असते. भूत दिसलं, अपशकुन झाला म्हणून तिला हाकलू नका, पाणी फेकू नका. गाभण राहिली नाही तर काही आठवड्यांनी पुन्हा तेच, म्हणून शस्त्रक्रिया करून घेणं बरं. पिल्लं सात घरं फिरवणारी मांजरही वेडी झालेली नसते. येणंजाणं वाढलं, बोका हिंडू लागला की ती जागा बदलते. पिल्लांना सारखं उचलून पाहणं तेवढं थांबवा.

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा मांजर दुपारभर रांजणाखालच्या ओलीत पडून राहतं, ते ठीक. पण कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकत असेल तर सावलीत घ्या, पाय आणि पोट साध्या पाण्यानं ओलं करा. बर्फ नको. म्हातारं मांजर रात्री ओरडायला लागलं तर कान, रक्तदाब आणि थायरॉइड तपासून घ्या.

गावातून दवाखाना लांब असेल तर १९६२ वर फोन करा, हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर आहे. अवघड दुखण्याला नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय आणि अकोल्याची पशुवैद्यक संस्था आहे. फोनवर "मांजर बिमार आहे" एवढंच सांगू नका. शेवटची लघवी केव्हा पाहिली, काय खाल्लं, कुठं फवारणी झाली, घरात कोणतं औषध उघडं होतं, ते सांगा. नेताना गोणीत कोंबू नका, उन्हात ते गुदमरतं. दोन टोपल्या तोंडाला तोंड लावून दोरीनं बांधा आणि आत त्याच्या नेहमीच्या जागेवरचं फडकं घाला.