पौर्णिमेच्या दुपारची ओहोटी

पहिली कादंबरी लिहिली, दोन प्रकाशकांनी परत पाठवली, मग मी मालवणातून स्वतःच ई-बुक काढलं. पाच महिन्यांत १९ प्रती गेल्या, त्यातल्या ७ नात्यातल्या. अशा दिवसांत कुणी अनोळखी माणूस लिहितं की तुमच्या कादंबरीने रात्रभर झोप लागली नाही, तेव्हा डोळ्यांत पाणी येतं. माझ्या आलं, आणि तो मेल फसवणुकीचा निघाला. तुमच्याही आलं तर स्वतःला मूर्ख म्हणू नका.

मेल इंग्रजीत होता. लिहिणारी बाई भारतीय भाषांतल्या कादंबऱ्या वाचणाऱ्या एका मोठ्या वाचक-मंडळाची संयोजक. रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढणारी माणसं, तीन भावांतली फूट, समुद्राकडे पाठ फिरवणारा मधला भाऊ, सगळ्यावर भरभरून लिहिलेलं. आता लक्षात येतं, यातलं प्रत्येक वाक्य मी विक्रीच्या पानावर दिलेल्या ओळखीतून उचललेलं होतं. मधला भाऊ पुढे परत येतो, हे ओळखीत नव्हतं म्हणून मेलमध्येही नव्हतं. एआयला ओळख आणि दोन अभिप्राय दिले की असा मेल मिनिटभरात तयार होतो.

मला शंका आली नव्हती असं नाही. आली, आणि माझा खरा घात तिथेच झाला, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. मी विचारलं, ‘बाराव्या प्रकरणातलं काय आवडलं?’ उत्तर आलं की मंडळाची प्रत एका सभासदाकडे आहे, नेमके संदर्भ द्यायला पीडीएफ पाठवाल का? मी पाठवली. तासाभरात बाराव्या प्रकरणावर दोन पानं आली. पौर्णिमेच्या भर दुपारी ओहोटीने उघडी पडलेली वाळू आणि तिच्यावर एकटी चालणारी म्हातारी, हा प्रसंग ‘समुद्र जगलेल्या लेखिकेलाच सुचेल’ असं लिहिलं होतं. माझी सगळी शंका विरघळली. परीक्षा मी घेतली होती आणि उत्तरपत्रिकाही मीच पुरवली होती. म्हणून पुस्तकातले प्रश्न विचारून माणूस खरा की खोटा ते ठरवू नका. पूर्ण फाइल हातात असली की यंत्र हवं ते उत्तर देतं.

पारखायचं ते पैसा कुठून कुठे जातोय ते. चांगलं वाचक-मंडळ लेखकाकडून ‘सहभाग शुल्क’ घेत नाही. माझ्याकडून १५० डॉलर घेतले, आवारातल्या काजूबिया विकून आलेले. पैसे ज्या नावावर गेले ते त्या बाईचं नव्हतंच. तेही दिसलं होतं, मी दुर्लक्ष केलं. आठवड्याने पुस्तकाच्या ट्रेलरसाठी, म्हणजे जाहिरातीच्या व्हिडिओसाठी, ३०० डॉलर मागितले तेव्हा जाग आली. मग रायटर बिवेअर या लेखकांना फसवणुकीपासून सावध करणाऱ्या परदेशी उपक्रमाचं लिखाण वाचलं. माझ्या मेलची कितीतरी भावंडं तिथे होती. कुठे वाचक-मंडळ, कुठे प्रसिद्ध लेखकाच्या नावाने आलेलं कौतुक.

पैसे गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा, बँकेला कळवा, मेल पुसू नका. मी लाजेपायी ११ दिवस गप्प राहिले आणि पैसे परत मिळाले नाहीत. घरी सांगा. रागावतील, पण दुसऱ्यांदा पैसे पाठवू देणार नाहीत.

पैसे घेऊन पुरस्कार देणारे, ‘प्रातिनिधिक’ संग्रहात पानामागे दर लावणारे आपल्याकडेही आहेत, आणि त्यांना मी वेगळं मानत नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांकसुद्धा आपल्या देशात सरकारी यंत्रणेकडून मोफत मिळतो; त्याचेही पैसे लावणाऱ्या ‘मार्गदर्शका’कडे जाऊ नका. मला कामाचे मार्गदर्शक भेटले ते गावच्या वाचनालयातले एक निवृत्त गुरुजी. त्यांनी माझी चाळीस पानं कापायला लावली. तेव्हा रडले होते.

तरीही लिहीत राहा. १९ वाचक हे खरे वाचक आहेत. त्यांच्यापैकी एकाने माझी कादंबरी आपल्या आजोबांना वाचून दाखवली. आजोबांचं सगळं आयुष्य रापणीवर गेलेलं. बाजारात भेटले तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

‘गो बाय, तुझी म्हातारी माका आवाडली. पण पौर्णिमेक दुपारच्या बाराक भरती असता. सुकती खयसून इली?’

सुकती म्हणजे ओहोटी. आमच्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येला भर दुपारच्या सुमारास उधाणाची भरती असते. मी इथेच वाढले, तरी लिहिताना चुकले. घरी येऊन बारावं प्रकरण उघडलं आणि म्हातारीला संध्याकाळी सहाच्या ओहोटीत किनाऱ्यावर नेलं. उजेड बदलला, म्हणून तिचं बोलणंही बदलावं लागलं. त्याला चार दिवस गेले.