क्लेबसिएलाची तार कशी काढावी, आणि तिच्यावर किती विसंबावं

थुंकीच्या नमुन्यात 'क्लेबसिएला न्यूमोनिए' वाढला, एवढ्यावर काम संपत नाही. या एकाच नावाखाली दोन स्वभावाचे जंतू येतात. साधा प्रकार बहुतेकदा आधीच खंगलेल्या, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला गाठतो. अतिघातक प्रकार घरी असलेल्या धडधाकट माणसालाही सोडत नाही. यकृतात गळू करतो, तिथून डोळ्यात किंवा मेंदूत जातो. मधुमेहींना धोका जास्त. तैवानमधून १९८६ मध्ये असे रुग्ण नोंदवले गेले.

फरक मुख्यतः कवचात आणि लोह ओढण्याच्या ताकदीत आहे. अतिघातक प्रकाराचं के१ आणि के२ जातीचं (कवचाच्या प्रकारांची नावं) जाड कवच पांढऱ्या पेशींना दाद देत नाही; एरोबॅक्टिन नावाचा रेणू रक्तातलं लोह पळवतो.

या जाड, चिकट कवचाचा अंदाज घेणारी तार चाचणी (स्ट्रिंग टेस्ट) सोपी आहे. ब्लड अगारवर (रक्त मिसळलेल्या, जंतू वाढवायच्या जेलीवर) ३७ अंशांना रात्रभर वाढवलेली प्लेट घ्या. सुरक्षा कॅबिनेटमध्ये, लूप (जंतू उचलायची कडी) थंड असताना एका सुट्या कॉलनीला (जंतूंच्या ठिपक्याला) टेकवा आणि सावकाश वर उचला. पाकाची तार बघायची सवय असलेल्या हाताला हे लगेच जमतं. ५ मिलिमीटरपेक्षा लांब तार निघाली तर चाचणी पॉझिटिव्ह. तीन-चार कॉलन्यांवर करून पाहा, कारण एकाच प्लेटवर दोन्ही प्रकार सापडू शकतात. लूप गरम असेल तर कॉलनी करपते आणि तार तुटते. झाकणावरचं पाणी प्लेटवर ठिबकलं असेल तर ती प्लेट बाद. चाचणी पहिल्याच प्लेटवरून करा. पुन्हापुन्हा वाढवलेल्या जंतूचा चिकटपणा जाऊ शकतो.

इथेच बरेच जण फसतात: तार निघाली म्हणजे अतिघातक, असं नाही. साधे काही प्रकारही तार देतात, अतिघातक काही देत नाहीत. म्हणून पीसीआरवर (जनुकं शोधणाऱ्या चाचणीवर) अतिघातकपणाशी जोडलेली 'आययूसीए', 'आरएमपीए', 'आरएमपीए२', 'आयआरओबी' आणि 'पेग-३४४' ही जनुकं तपासावीत. तोवर रिपोर्टात फक्त 'तार चाचणी पॉझिटिव्ह' एवढंच लिहा आणि डॉक्टरांना फोन करा: यकृताची सोनोग्राफी झाली का, नजर अंधुक आहे का?

जंतूला कोणती औषधं लागू पडतात त्यांची यादी पाहून निर्धास्त होऊ नका. पूर्वी हा अतिघातक जंतू अँपिसिलिन सोडलं तर बहुतेक औषधांना बधायचा. आता कार्बापेनेमला (राखीव, जोरदार अँटिबायोटिक्सना) न जुमानणारे एसटी२३ या अतिघातक वंशाचे जंतू भारतातही आढळले आहेत. तार देणारा प्रत्येक जंतू ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना जपून ठेवा.