मूडलवर कोर्स उभारा, थेट टर्मिनलवरून

अकरावीच्या चार तुकड्या, विषय एकच आणि कॉलेज सुरू व्हायच्या आत सगळं ऑनलाइन तयार हवं. अशा वेळी ब्राउझरमध्ये एकेक कोर्स उघडून शेकडो नावं भरण्यात शिक्षकाचे दिवस जातात. मूडल या ऑनलाइन कोर्स चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम दोन सीएसव्ही फाइली (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेले साधे तक्ते) आणि टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, दिलेल्या मोजक्या कमांडनी होतं. वेग तर मिळतोच, पण मला त्याहून मोलाची वाटते ती मागे राहणारी लेखी नोंद. साइट उभारणाऱ्याची बदली झाली तरी त्या फाइली बघून दुसऱ्याला काम पुढे नेता येतं.

मूडल हे मुक्त सॉफ्टवेअर. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात मार्टिन डुगियामास यांनी त्याची सुरुवात केली आणि पहिली आवृत्ती २००२ साली आली. खालच्या पायऱ्या उबुंटू किंवा डेबियन सर्व्हर गृहीत धरून लिहिल्या आहेत. कमांडची नावं इथे उच्चारानुसार दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायची. नेमके पर्याय पाहायला कुठल्याही स्क्रिप्टपुढे (टर्मिनलवरून चालवायच्या प्रोग्रॅम-फाइलीपुढे) दोन डॅश आणि ‘हेल्प’ लिहा, पूर्ण यादी समोर येते. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

पायरी १: मूडल बसवणं

मूडलचा कोड गिट या कोड उतरवायच्या साधनाने उतरवून घ्या. कॉलेजसाठी मी दीर्घकाळ सुरक्षा-दुरुस्त्या मिळणारी आवृत्तीच निवडेन. ऑक्टोबर २०२४ मधली ४.५ तशी आहे. मग ‘अ‍ॅडमिन’ फोल्डरमधल्या ‘सीएलआय’मध्ये असलेली ‘इन्स्टॉल डॉट पीएचपी’ चालवा. ती साइटचा पत्ता, डेटाबेस, अ‍ॅडमिनचा पासवर्ड असे प्रश्न एकामागोमाग विचारत जाते. पत्ता आधीच पक्का करा, नंतर बदलायला फार त्रास होतो. अपलोड फाइली ठेवायचं ‘मूडलडेटा’ फोल्डर वेबच्या फोल्डरबाहेरच हवं, नाहीतर विद्यार्थ्यांच्या फाइली कुणालाही थेट उघडता येतील.

दोन ठिकाणी हमखास अडतं. पहिलं म्हणजे रूट, म्हणजे सर्व्हरचे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून स्क्रिप्ट चालवणं. तसं केलं की मूडलडेटातल्या नव्या फाइलींची मालकी रूटकडे जाते, वेब सर्व्हरला त्या लिहिता येत नाहीत आणि साइट बंद पडते. म्हणून ‘सुडो’ या, दुसऱ्याच्या नावाने काम चालवणाऱ्या कमांडला ‘यू’ पर्याय देऊन वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याच्या नावानेच सगळं चालवा. त्याचं नाव ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’. दुसरं म्हणजे पीएचपीची, म्हणजे मूडल ज्या भाषेत लिहिलं आहे तिची, सेटिंग. टर्मिनल आणि वेब सर्व्हर दोघांची सेटिंगची फाइल, ‘पीएचपी डॉट आयएनआय’, वेगळी असते. पीएचपी ८ वर मूडलला ‘मॅक्स इनपुट व्हार्स’ किमान ५००० लागतं, ते दोन्हीकडे बदला.

पायरी २: एक कोर्स हाताने, मनापासून

इथे घाई नको. टर्मिनल कोर्सच्या प्रती काढून देईल, चांगला धडा मात्र शिक्षकालाच रचावा लागतो. एक नमुना कोर्स ब्राउझरमध्ये नीट बांधा: प्रकरणांचे विभाग, सराव चाचण्या, गृहपाठाची जागा, शंका विचारायचा फोरम. एखाद्या सहकाऱ्याला विद्यार्थी म्हणून त्यात फिरू द्या. इथली चूक चारही तुकड्यांत जाणार आहे.

व्हिडिओ टाकायच्या आधी एफएफएमपेग या टर्मिनलवरच्या व्हिडिओ-साधनाने लहान करा. उंची ४८० पिक्सेल, एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), सीआरएफ (दर्जाचा आकडा) २८, आवाज मोनो ६४ केबीपीएस. फळ्यावरच्या तासाला एवढं पुरतं. ‘फास्टस्टार्ट’ हा पर्याय जरूर द्या. त्याने फाइलची अनुक्रमणिका सुरुवातीला येते आणि पूर्ण फाइल उतरायच्या आत व्हिडिओ सुरू होतो. गावाकडे मोबाइलच्या डेटावर शिकणाऱ्या मुलामुलींसाठी एवढे कष्ट घ्यायलाच हवेत.

पायरी ३: कोर्सची सीएसव्ही

पहिल्या ओळीत रकान्यांची नावं इंग्रजीत: शॉर्टनेम, फुलनेम, कॅटेगरी, स्टार्टडेट, टेम्प्लेटकोर्स. खाली तुकडीमागे एक ओळ. कॅटेगरीत मूडलमधल्या त्या कॅटेगरीचा क्रमांक द्या, टेम्प्लेटकोर्समध्ये नमुना कोर्सचं शॉर्टनेम. फुलनेम खुशाल मराठीत ठेवा, पण शॉर्टनेम रोमन अक्षरांत असू द्या, कारण पुढे तेच टर्मिनलवर वारंवार टाइप करावं लागतं.

आता ‘अपलोडकोर्स डॉट पीएचपी’ चालवा. ती ‘अ‍ॅडमिन’मधल्या ‘टूल’ खाली आहे. मोड ‘क्रिएटन्यू’ द्या. या मोडमध्ये आधीच असलेला कोर्स वगळला जातो, त्यामुळे काम मध्येच तुटलं तरी तीच कमांड पुन्हा देता येते. नमुन्यातले धडे आणि चाचण्या नव्या कोर्समध्ये येतात. गृहपाठाच्या मुदती मात्र प्रत्येक कोर्स उघडून डोळ्यांखालून घाला.

पायरी ४: विद्यार्थ्यांची यादी

सर्वांत जास्त वेळ इथे जातो. अनेक कॉलेजांतल्या जुन्या याद्या श्रीलिपीसारख्या, युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच कोड देणारी पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये असतात. तिथे अक्षरं देवनागरी दिसतात ती फाँटमुळे. फाइलमध्ये भलतेच कोड असतात आणि मूडलमध्ये निरर्थक चिन्हं उमटतात. साधं एन्कोडिंग (अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत) बदलून ती सुधारत नाहीत, त्या विशिष्ट फाँटचा युनिकोड कन्व्हर्टरच वापरावा लागतो. यादी युनिकोडमध्ये असेल तरी सेव्ह करताना एक्सेलमध्ये ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ आणि लिबरऑफिसमध्ये यूटीएफ-८ निवडा. मग सर्व्हरवर ‘हेड’ कमांडने पहिल्या ओळी पाहा. जोडाक्षरं आणि वेलांट्या जागेवर दिसल्या तरच पुढे जा.

रकाने असे: युजरनेम (लहान रोमन अक्षरांत), पासवर्ड, फर्स्टनेम, लास्टनेम, ईमेल, आणि मग कोर्स१, रोल१, ग्रुप१, हे १ चे आकडे टाइप करताना इंग्रजी घ्या. शेवटच्या तीन रकान्यांमुळे खातं उघडतानाच विद्यार्थी आपल्या कोर्समध्ये आणि गटात जातो. गट नसेल तर तो तयारही होतो.

ज्यांच्याकडे ईमेल नाही त्यांचं काय? खोटा जीमेल पत्ता लिहू नका, तो दुसऱ्या कुणाचा असू शकतो आणि मुलाची माहिती त्याच्याकडे जाईल. ‘डॉट इनव्हॅलिड’ने संपणारा, प्रत्येकासाठी वेगळा पत्ता द्या. अशा पत्त्यावर मूडल ईमेल पाठवतच नाही.

‘अपलोडयुजर डॉट पीएचपी’ आधी दोन-तीन ओळींच्या फाइलवर चालवून, त्यातल्या एका खात्यातून लॉगिन करून पाहा, मगच पूर्ण यादी द्या. काम झालं की पासवर्डची फाइल सर्व्हरवरून पुसा.

पायरी ५: क्रॉन आणि बॅकअप

वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याच्या क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, ‘क्रॉन डॉट पीएचपी’ दर मिनिटाला चालेल अशी ओळ घाला. ती नसेल तर फोरमचे ईमेल जात नाहीत आणि वेळ ठरवलेली इतर कामंही तशीच पडून राहतात.

‘बॅकअप डॉट पीएचपी’ला कोर्सचं शॉर्टनेम आणि ठिकाण दिलं की एमबीझेड, म्हणजे मूडलच्या बॅकअपची, फाइल तयार होते. ती दुसऱ्या मशीनवर ठेवा आणि सत्र सुरू व्हायच्या आधी एकदा ‘रिस्टोअर बॅकअप’ स्क्रिप्टने चाचणीच्या मूडलवर उघडून बघा. धडे, चित्रं, चाचणीचे प्रश्न सगळं दिसलं, तर विद्यार्थ्यांना दुवा पाठवायला हरकत नाही.