पर्यटकांसाठी बोट 18 फुटी घ्यावी की 24 फुटी?

मालवणात आउटबोर्ड मशीन, म्हणजे बोटीच्या मागे लटकणारं इंजिन, दुरुस्त करायचं माझं काम. दिवाळीच्या आधी कोणी ना कोणी विचारतोच, "मोठी घेतलंय तर चार पैशे जास्त गावतले मां?" मी उलट विचारतो, आडवारी गिऱ्हाईक किती असतं?

दिवाळीत आणि मे महिन्यात कुठलीही बोट भरते. हिशेब मंगळवारचा करा. 18 फुटीला 40 हॉर्सपॉवरचं मशीन पुरतं. फुल रेसवर ते तासाला साधारण 15 लिटर पेट्रोल पितं. 24 फुटीला 115 च्या आसपास लागतं, तिथे आकडा 40 लिटरच्या वर जातो. शिवाय 26 मे ते 31 ऑगस्ट जलपर्यटन बंद. बँकेचा हप्ता मात्र सुरूच.

लांबी एक तृतीयांश वाढली तरी त्याच घडणीची बोट रुंदी-खोलीसकट आकारमानाने दुपटीहून मोठी होते. छोटी आठ-दहा माणसं मिळून वाळूवर ओढतात, मोठीला ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

आता पाणी. देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी वाळूचे पट्टे जागा बदलतात. उधाणाच्या ओहोटीला छोटी बोट मशीन थोडं उचलून निसटते, मोठी भरतीची वाट बघत बसते. उलट किल्ल्याच्या बाहेर डॉल्फिन दाखवायला जाणार असाल तर दुपारी वायव्येचा वारा उठला की छोटीत पर्यटकांची कंबर मोडते.

पण फूट मोजण्याआधी बोटीखाली वाका. सपाट तळ खाडीत बरा, लाटेवर मात्र आपटतो. खोल व्ही तळ लाट कापतो, पण नांगरून उभी केली की डुलते. स्नॉर्केलिंगवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं. ओकणारं गिऱ्हाईक परत येत नाही.

चाचणी दुपारीच मागा. विकणारा "सकाळी सातला या" म्हणतो, तेव्हा समुद्र तेलासारखा असतो. पाण्याचे कॅन भरून पूर्ण वजन चढवा आणि फुल रेस द्या. मशीनच्या पुस्तकात दिलेल्या आरपीएमपर्यंत काटा पोचला नाही, तर मशीन कमी ताकदीचं आहे किंवा पाण्यात फिरणारा पंखा (प्रोपेलर) चुकीचा. जिथे मशीन लटकतं त्या मागच्या फळीवर रबरी हातोडा मारून पाहा. बद्द आवाज आला तर आतलं प्लायवूड भिजलंय, सौदा सोडा.

माझं मत: खाडीपुरतं असेल तर 18. रोज बाहेर जायचं असेल तर 24, आणि शक्यतो 60-60 ची दोन मशीनं. एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर बंदर गाठता येतं. मधली 21 फुटी मिळाली तर तीही बघा, लोक उगाच तिला नाक मुरडतात.

प्रवासी किती, हे सीट मोजून ठरवू नका. विकणारा "बारा आरामात बसतात" म्हणेल. परवान्याच्या कागदावर आठ असतील तर आठच धरा आणि माणशी दर त्यावरच काढा.