बालरोग शिकताय आणि ओपीडीतच रमायचंय? मग प्रशिक्षणाची जागा अशी निवडा

रेसिडेन्सीच्या, म्हणजे डॉक्टर झाल्यावरच्या विशेष प्रशिक्षणाच्या, शेवटच्या वर्षी मला नवजात बाळाच्या नाळेतून लाइन टाकता येत होती. आणि एका आईनं विचारलं, "रात्रीची बाटली सोडवायची कशी?" तर मी गप्प. तीन वर्षांत हे कुणी शिकवलंच नव्हतं. म्हणून ज्यांना पुढे प्राथमिक उपचारातच काम करायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी देश ठरवा, कारण काम तिथून बदलतं. ब्रिटनमध्ये मुलाला पहिल्यांदा पाहतो तो जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. बालरोगतज्ज्ञाकडे मूल पाठवलं जातं. तिथे पहिल्या भेटीचा डॉक्टर व्हायचं असेल तर जीपीचं प्रशिक्षण घ्या. बालरोगातच राहून वॉर्डाबाहेर काम करायचं असेल तर कम्युनिटी चाइल्ड हेल्थकडे वळा, पण तिथेही मुलं पाठवलेलीच येतात. अमेरिकेत बालरोगाची रेसिडेन्सी 3 वर्षांची, आणि काही ठिकाणी तिच्यातच प्रायमरी केअर ट्रॅक, म्हणजे प्राथमिक उपचारांवर भर देणारा वेगळा मार्ग असतो. मोठ्यांनाही तपासायचं असेल तर मेड-पेड्स, म्हणजे मेडिसिन आणि बालरोग एकत्र, 4 वर्षं. जनरल पेडियाट्रिक्सची फेलोशिप (रेसिडेन्सीनंतरचं पुढचं प्रशिक्षण) मात्र संशोधन आणि शिकवणं यांत रस असेल तरच. नुसती प्रॅक्टिस करायला ती लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. मुलाखतीला गेलात की स्टायपेंडच्या आधी एक प्रश्न विचारा: कंटिन्युइटी क्लिनिकमधले (रेसिडेंटच्या ठरलेल्या अर्ध्या दिवसाच्या ओपीडीतले) पेशंट माझे असतात का? म्हणजे सहा आठवड्यांचं असताना पाहिलेलं बाळ दीड वर्षाचं झाल्यावर माझ्याच खोलीत येईल, की ज्याची ड्यूटी त्याच्याकडे जाईल? "तसा प्रयत्न असतो" असं उत्तर आलं तर समजून घ्या. मग सध्याच्या रेसिडेंटला गाठा आणि विचारा, वॉर्डात गर्दी झाली की क्लिनिकचा अर्धा दिवस टिकतो का. बहुतेक ठिकाणी पहिला बळी त्याचाच जातो.

जमलं तर त्या ओपीडीत अर्धा दिवस कोपऱ्यात बसून या. माझ्या गुरूंकडे मी असाच बसलो होतो. सर्दीचं मूल तपासून झालं, आई उठली, दाराच्या कडीवर हात ठेवून म्हणाली, "हा अजून बोलत नाही, चालेल ना?" सरांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची परत पुढे ओढली. सर्दीला तीन मिनिटं लागली होती, याला पंचवीस. तिथे एम-चॅटचे, म्हणजे ऑटिझमची शक्यता ओळखायच्या प्रश्नावलीचे, 20 प्रश्न मी पहिल्यांदा कुणाला नीट विचारताना पाहिले. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठीची ती चाळणी परीक्षेपुरती पाठ होती, एवढंच.

इलेक्टिव्ह (स्वतः निवडायचे छोटे प्रशिक्षण-विषय) निवडताना हृदयरोग, किडनी यांचा मोह आवरा. विकास आणि वर्तन, किशोरवयीन, त्वचा, स्तनपान समुपदेशन: रोज उपयोगी पडतं ते हे.

आयएमएनसीआयचं, म्हणजे नवजात आणि लहान मुलांचे आजार ओळखून उपचार करायच्या ठरलेल्या पद्धतीचं, प्रशिक्षण मिळालं तर "ते आरोग्यसेविकांचं" म्हणून नाक मुरडू नका. मीही मुरडलं होतं. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, वर्षापर्यंत 50, पाच वर्षांपर्यंत 40, की जलद श्वास धरायचा. सोपं वाटतं. पण मूल शांत असताना, झबलं वर करून, घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजणारे वरिष्ठ त्या प्रशिक्षणाआधी मी पाहिलेच नव्हते. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करणारे मात्र भरपूर, त्यांत मीही होतो.