दिवाळीचा फराळ आणि समाजमाध्यमांवरील प्रसिद्धीची आखणी

समाजमाध्यमांवर प्रसिद्धी करायला निघालेले बहुतेक छोटे व्यावसायिक ‘आज काय टाकायचे’ या प्रश्नापासून सुरुवात करतात. आपल्या हातून किती माल निघू शकतो आणि गिऱ्हाईक तो घेण्याचे केव्हा ठरवते, हे दोन प्रश्न त्याआधी सोडवायला हवेत. दादर, गिरगाव किंवा विलेपार्ले येथे घरून दिवाळीचा फराळ करून विकणारा व्यवसाय आपण उदाहरणादाखल घेऊ.

आखणी दिवाळीपासून मागे मोजत करावी. 2026 मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. परदेशातील मुलांना किंवा नातेवाइकांना फराळ पाठवणाऱ्यांना तो कित्येक दिवस आधी कुरिअरकडे द्यावा लागत असल्याने, त्यांच्यासाठीची प्रसिद्धी गणेशोत्सव आटोपताच सुरू झाली पाहिजे. मुंबईतल्या घरांतून मात्र विचारणा साधारणपणे दसऱ्यानंतर वाढते, म्हणून त्यांच्यासाठीच्या पोस्ट तेव्हापर्यंत राखून ठेवाव्यात. दोन्ही गटांसाठी ऑर्डर बंद होण्याची तारीख आधीच ठरवून प्रत्येक पोस्टमध्ये ठळकपणे द्यावी.

माध्यमे एक-दोनच निवडावीत. ओळखीच्या गिऱ्हाइकांसाठी व्हॉट्सॲप बिझनेस पुरेसे आहे: ते मोफत मिळते, त्यात पदार्थांचा कॅटलॉग लावता येतो, ठरावीक उत्तरे साठवता येतात आणि ‘पैसे आले’, ‘डबा तयार’ अशी लेबले लावून ऑर्डरींचा हिशेबही राहतो. एकच संदेश अनेकांना एकदम पाठवण्याच्या सोयीची, म्हणजे ब्रॉडकास्ट लिस्टची, एक अट मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला असेल, त्यालाच तो संदेश पोहोचतो. म्हणून डब्यावरच्या स्टिकरवर नंबर छापावा आणि डबा हाती देतानाच तो साठवून घेण्याची विनंती करावी. अनोळखी लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी इन्स्टाग्राम उपयोगी पडते. गूगलवर व्यवसायाची नोंद करताना घरचा पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा परिसर दाखवता येतो, ही घरगुती व्यावसायिकांसाठी मोठीच सोय आहे.

पोस्टमध्ये काय दाखवावे, हे ठरवताना तयार ताटाच्या फोटोवर सगळी भिस्त ठेवू नये, कारण तसे फोटो त्या दिवसांत सगळेच टाकतात. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात, त्यांचे पाणी रोज बदलावे लागते, मग ते सुकवून, दळून आणि गूळ मिसळून पीठ मुरवावे लागते. या कामाचे छोटे व्हिडिओ रोज स्टेटसला ठेवले, तर अनारसे चकलीपेक्षा महाग का, हे वेगळे सांगावे लागत नाही. फोटो खिडकीजवळच्या दिवसाच्या उजेडात काढावेत. किंमत, वजन आणि एफएसएसएआय (केंद्राचे अन्नसुरक्षा प्राधिकरण) नोंदणी क्रमांक स्पष्ट लिहावा; ‘किंमतीसाठी मेसेज करा’ ही पद्धत माझ्या मते गिऱ्हाईक घालवणारी आहे, कारण लोकलच्या गर्दीत एका हाताने फोन धरलेली व्यक्ती तेवढी तसदी क्वचितच घेते.

आखणीत सर्वाधिक दुर्लक्ष होते ते उत्तरे देण्याच्या कामाकडे. तळणी चालू असताना फोन कोण पाहणार, हे घरात आधीच ठरले पाहिजे. साठवलेले उत्तर पुढीलप्रमाणे असावे: ‘नमस्कार. भाजणीची चकली अर्धा किलोच्या पाकिटात मिळेल. दर कॅटलॉगमध्ये दिला आहे. निम्मी रक्कम आगाऊ पाठवल्यावर ऑर्डर पक्की होईल. डबा घरून किंवा दादर स्टेशनवर संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत घेता येईल.’ एवढ्या मजकुराने पुढचे चार प्रश्न टळतात.

पैसे देऊन जाहिरात करायचीच असेल, तर सर्वाधिक चाललेली पोस्ट निवडून, जिथे डबा पोहोचवणे परवडते तेवढ्याच परिसरापुरती ती दाखवावी. वसई-विरारहून आलेली ऑर्डर पोहोचवण्यातच नफा जाणार असेल, तर तिथे जाहिरात दाखवण्यात अर्थ नाही. खर्चाचा अंदाज करताना जीएसटीही धरावा. ऑर्डरच्या वहीत ‘कुठून कळले’ असा एक रकाना आखून प्रत्येकाचे उत्तर नोंदवावे, कारण लाइकच्या आकड्यांवरून विक्रीचा पत्ता लागत नाही. हाताला झेपेल तेवढ्या ऑर्डर भरल्या, की त्याच दिवशी जाहिरात थांबवावी आणि ‘ऑर्डर बंद’ असे स्टेटस लावावे.