अठराव्या शतकातल्या लंडनच्या वर्तमानपत्रांतला राजकीय उपहास कसा वाचावा

सुरुवात ‘द क्राफ्ट्समन’पासून करा. १७२६ साली निघालेलं हे पत्र सत्ताधारी मंत्री रॉबर्ट वॉलपोलच्या मागे हात धुऊन लागलं होतं. अंक ब्रिटिश लायब्ररीच्या बर्नी संग्रहात सापडतील. जुना लांबट ‘एस’ ‘एफ’सारखा दिसतो, त्याची सवय लवकर होते.

अंकाची तारीख तपासा. १७५२ पूर्वी इंग्लंडचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे ‘जानेवारी १७३२’ म्हणजे बहुधा आपलं १७३३.

आता खरा अवघड भाग: टोला कुणाला आहे? मी इथेच सर्वांत जास्त अडकलो. नाव छापलेलं नसतं; आद्याक्षर आणि पुढे लांब रेघ, किंवा नुसतं ‘थोर पुरुष’. ‘अमुक म्हणजे तमुक’ अशा तयार याद्या मिळतात, त्या हातात घेऊन बसू नका. यादी समोर असली की प्रत्येक ओळीत वॉलपोल दिसू लागतो. त्या आठवड्यात पार्लमेंटमध्ये कशावरून रान उठलं होतं, ते आधी शोधा. १७३३ च्या सुरुवातीला वाद होता वाइन आणि तंबाखूवरच्या, वॉलपोलच्या अबकारी कराच्या योजनेचा. अधिकारी घरात शिरून झडती घेतील, ही लोकांची भीती. हे ठाऊक असेल, तर आठव्या हेन्रीचा मंत्री वूल्झी याच्यावरचा साळसूद इतिहासलेख त्याच आठवड्यात का छापला, ते कळतं: वूल्झीच्या आडून टोला वॉलपोलला. एप्रिलमध्ये वॉलपोलला ती योजना मागे घ्यावी लागली.

एका खुणेवर विसंबू नका, दुसरी शोधा. वॉलपोलला १७२६ मध्ये गार्टरचा किताब, म्हणजे राजाकडून मिळणारा मोठा मान, मिळाला, त्याची निळी फीत छातीवर आडवी रुळायची. म्हणून विरोधक त्याला ‘ब्लूस्ट्रिंग’ म्हणत. वूल्झीच्या जोडीला निळी फीत आली, की शंका उरत नाही. मग सरकारी पैशावर चालणाऱ्या ‘फ्री ब्रिटन’ची उत्तरं वाचा. चिडून लिहिलेलं उत्तर कुठल्याही यादीपेक्षा भरवशाचं.

नावं गाळणं हा लपंडाव होता, असं सांगणाऱ्यांचं मुळीच ऐकू नका. ‘क्राफ्ट्समन’चा मुद्रक रिचर्ड फ्रँकलिन १७३१ मध्ये दोषी ठरून तुरुंगात गेला. रेघेआड पुरता आसरा नव्हता, तरी ही माणसं छापत राहिली.

मजकूर पद्यात असेल तर मोठ्याने वाचा. गाळलेलं नाव पुष्कळदा यमकच सांगतं.